बुंधा खाली, शेंडा वर

आबा,

गेले नऊ दिवस मी आपल्या घरातून बाहेर पडताना दाराच्या डाव्या खांबाकडे बघत नाही. समोर बघते, चपला पायात सरकवते आणि निघते. तुमचा जावई परवा म्हणाला, "मान अवघडली काय गो तुझी?" मी हो म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं बाम आणून दिला. रोज रात्री धडधाकट मानेला बाम चोळून घेते आहे, काय करू.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्या असं कधी मनात आलं नाही. तुम्ही होता तेव्हा तरी आपण कुठं बोलायचो? लाकडाचे इंच आणि सूत, यापलीकडे आपलं बोलणं नव्हतं. पण आता मला भीती वाटते आहे, आबा.  आणि ती सांगायची कुणाला? नवरा हसेल. लेकीला तर सांगायची सोयच नाही. तिला सातवा संपत आला. येत्या रविवारी ती कल्याणहून बाळंतपणाला इथं यायची आहे. पहिलटकरीण. तुम्ही बांधलेल्या घरात, तुम्ही बसवलेल्या दारातून. म्हणून तुम्हालाच सांगते. नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, "आदी माप सांग, मंग रड."

सापगावातल्या एका बाईनं घर बांधलं. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, भातशेतीवाली. नवरा गरीब गाय, सगळा कारभार हिच्या हातात. बांधावरचा सागवान रीतसर परवानगी काढून तोडलेला, त्याचीच चौकट हवी, तीही नक्षीची, आणि ती मी करायची. दिरानं तिथंच नाक मुरडलं. "चौकट बाईच्या हातची? तालुक्यात सुतार मेले काय?" तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "दारातनं दिवसाला पन्नास येला आत-बाहेर कोण करतं, तू? मंग बाईच्या हातची असली तर काय बिघाडतंय?"  मला हसू आवरेना. पण घरी येताना वाटलं, हिनं माझ्यासाठी घरात वैर घेतलं आहे, आता हात जपून चालवायचा.

हल्ली मशीन वेलबुट्टी कोरून देतं, बरं का. चहा पिऊन होईस्तोवर अख्खी पट्टी तयार, सगळी पानं एका आईची जुळी. तरी माझ्याकडे माणसं येतात ती तुमच्या हत्यारांमुळे. तुमच्या कोरायच्या पाच गोल पटाश्या, ती फुटक्या डोक्याची ठोकायची मोगरी आणि गलत्याचा रंधा. त्या रंध्यानं कडेला जी गोल पन्हळ पडते, तिच्यावर बोट फिरवलं की गिऱ्हाईक गप्प होतं. त्याच्या बाभळीच्या अंगावर तुमच्या अंगठ्यानं खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात अजून नीट बसत नाही, पुढे सरकतो. एवढ्या वर्षांत दुसरा खळगा मी पाडू शकले असते, पण पडला नाही.

सगळ्यात धाकटी पटाशी तुम्ही मला दिलेली. आई गेली त्या वर्षीची गोष्ट. मी नऊ वर्षांची. आईला दुसरं बाळ व्हायचं होतं, ते आडवं आलं, आणि गाडी मिळेस्तोवर दोघंही गेली, एवढंच मला माहीत. नंतर तुम्ही चुलीपुढे बसायचे आणि भात करपवायचे. रंध्याच्या ढलप्या घालून जाळ इतका मोठा करायचे की पातेलं काळंठिक्कर. मी करपलेला भात खाते, तुम्हीही खाता. आणि एके दिवशी ताटाशेजारी ही पटाशी, मूठ कापून माझ्या हाताच्या मापाची केलेली. "बस माज्यासंगं," एवढंच म्हणालात. शेजारपाजाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. पोरीला सुतारकाम! तुम्ही रंधा चालवत राहिलात.

शिकवलंत मात्र मारकुट्या मास्तरासारखं. हत्यार ओलांडलं की पाठीत धपाटा. आणि सगळ्यात मोठा नेम, बुंधा खाली, शेंडा वर. झाड आडवं झालं की करवत लागायच्या आधी तुम्ही बुंध्याकडच्या टोकाला तीन खाचा मारायचे, आणि तुकड्याचे तुकडे होत गेले तरी प्रत्येकावर त्या तीन खाचा पुढे चालायच्या. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड घरात उभं राहिलं पाहिजे. उलटं राहिलं तर त्या घरातली बाई टिकत नाही. तुमच्या आज्यापासून चालत आलेलं. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, हे आपलं म्हाताऱ्यांचं.

वैशाखरे गावातली ती चौकट आठवते? मी सतरा वर्षांची होते. तुमच्या नकळत मी त्या तीन खाचा रंध्यानं साफ केल्या होत्या, लाकूड कसं गुळगुळीत दिसावं म्हणून. भटजी बसलेले आहेत, नारळ हातात आहे, पाहुणे आहेत, आणि तुम्ही खांबाच्या टोकाला अंगठा घासत खाच शोधता आहात. खाच नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग सगळ्यांना थांबवलंत. मुहूर्त जातोय म्हणून यजमान ओरडतोय आणि तुम्ही खांब आडवा घालून एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं रंधा मारता आहात, गाठी बघता आहात, घामानं निथळता आहात. खांब उलटाच उभा राहणार होता. तुम्ही फिरवून बसवलात. आणि सगळ्यांच्या देखत हात पुढे केलात, "पटाशी दे." मी दिली. महिनाभर मला हत्याराला हात लावू दिला नाहीत.

परत येताना मुरबाडच्या स्टँडवर आपण चहा घेतला. मी रडून रडून तोंड सुजवलेलं, त्यात मला राग आलेला. म्हटलं, "उलटा बसला असता तर कोन बघनार व्हतं?" तुम्ही कप खाली ठेवलात. "कोन नाय. पन ज्याला ठावं हाय त्याला रोज दिसतं, गो." आणि चहा तसाच टाकून गाडीकडे गेलात. चहा टाकणारा माणूस नव्हे तुम्ही. तेव्हा मला एवढंच वाटलं की चहा बरा नसेल.

तर सापगावचं लाकूड. वखारीत चिरून, मशीनवर रंधून आलं होतं. बुंध्याकडे गेरूची खूण त्या लोकांनी केली होती, ती मशीननं खाल्ली. तुम्ही असता तर खांबाला हात लावण्याआधी त्याला उलटंपालटं करून वास घेतला असतात. मी नाही घेतला. घाई होती, लेकीच्या डोहाळजेवणाची तयारी डोक्यात होती, आणि खरं सांगायचं तर गर्व होता. दोन्ही खांबांवर पायथ्याशी कमळ आणि वर चढत जाणारी वेल कोरली, महिनाभर. डाव्या खांबावर पटाशी सारखी अडत होती, ढलपी सरळ न निघता फाटत होती. मी धारेला दोष दिला. तीनदा पटाशी दगडावर घासली. अहो, धारेला काय झालं होतं? मला झालं होतं!

कडेची पन्हळ शेवटी, नाहीतर उचलताठेवताना कोर मोडते, ही तुमची रीत. उजव्या खांबावर गलत्याचा रंधा असा चालला की ढलपी हातभर लांब. डाव्यावर तीन वेळा उडी मारून अडकला. दुसऱ्या अंगानं लावला, तर लोण्यातून गेल्यासारखा गेला.  खांब पालथा केला. भिंतीत जाणाऱ्या कोपऱ्यावर बोटभर गाठ होती, दोन्ही अंगांना दिसणारी. फांदी झाडाला वर बघत फुटते, म्हणून गाठ तिरपी वर जाते. ही खाली चालली होती. माझी वेल वर चढत होती आणि लाकूड डोक्यावर उभं होतं.

सात दिवसांवर मुहूर्त. मी त्यावर गोणपाट टाकलं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. नवऱ्याला सांगितलं, सहज म्हणून. तो वाशिंदच्या कारखान्यातून येऊन पाय धूत होता. "अगो, अर्ध्या तालुक्याच्या चौकटी आता दगडाच्या नायतर सिमेटाच्या हायत," तो म्हणाला. "त्या सिमेटाचा बुंधा कुठं शोधायचा? आनि त्यांच्या बायका काय मेल्या सगल्या?" बरोबरच आहे की. मीही स्वतःला तेच सांगितलं.  आणि तरी पहाटे जाग आली ती त्या बाईचं तोंड डोळ्यांपुढे घेऊन. उद्या तिला साधा ताप आला तरी मी इथं बसून मरणार. तिची सून पडली, नातवाला लागलं, म्हैस आटली, की प्रत्येक वेळी मला तो खांब दिसणार. कबूल केलं तर दीर गावभर सांगणार, बाईच्या हातची चौकट, मी बोललो नव्हतो? धंदा बसला. नाही केलं तर आयुष्यभर ही भीती. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी गेले. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, डावा खांब उलटा कोरला गेला, चूक माझी.

"उलटा म्हंजे?"

"बुंधा वर, शेंडा खाली."

तिचा हात थांबला. शेतकऱ्याची बाई, तिला समजवावं लागलं नाही. "मला कललं असतं काय?"

"नाय."

"दिराला?"

"त्याला सागवान आनि सनमायका यातलं कलत नाय."

ती हसली नाही. हातातली शेंग न सोलताच बाजूला टाकली. मग म्हणाली, "मंग सांगितलंस कशाला गो? आता तू सोन्याचा खांब जरी बसवलास तरी दाराकडं बघंन तवा मला ह्याच आठवंल."

 मला वाटलं होतं, सांगितलं की भीती जाईल. गेली नाही, तिच्या वाटची तिला दिली, माझी माझ्याकडे राहिली. ती उठली, मागच्या पडवीत गेली आणि तिथून हाक मारली. "देव्हाऱ्याला ठेवलेला ह्याच झाडाचा लांब तुकडा हाय. ने. देव बसंल कोनाड्यात, त्याला काय, पयल्या घरात पन कोनाड्यातच व्हता. आनि ह्या कुनाला बोलू नको."

पाच दिवसांत नवा खांब केला, आबा. मशीनला हात लावला नाही. आधी गाठ बघितली, तीन खाचा मारल्या, मग रंधा, मग रात्री जागून कमळ आणि वेल. गलत्याचा रंधा वरून खालपर्यंत एका सुरात गेला. त्या पाच दिवसांत मला जरासुद्धा भीती वाटली नाही. खांदे दुखून आले, नखाखाली रक्त साकळलं, आणि मी चक्क गुणगुणत होते. मुहूर्ताला चौकट उभी राहिली. सुताराच्या मानाची टॉवेल-टोपी तिनं माझ्या हातात दिली, "नवऱ्याला दे," म्हणाली, आणि वर लुगडं-नारळानं माझी ओटी भरली. दिरानं पन्हळीवरून बोट फिरवलं आणि गप्प बसला. खरं सांगते, रिक्षात बसले तेव्हा वाटलं, आज तुम्ही असायला हवे होते.

घरी आले. दुपारची वेळ, नवरा कामावर. एका हातात नारळ, आणि कुलूप काढताना दुसऱ्या हाताचा तळवा आपोआप दाराच्या डाव्या खांबावर टेकला. तुमची सवय. बाहेर पडताना, आत येताना तुम्ही डाव्या खांबाला तळवा लावायचे. लहानपणी मला वाटायचं, दाराला नमस्कार करतात. तुमचं बघून मला लागली आणि माझं बघून लेकीला. त्या दिवशी मात्र तळव्याखाली रंग लागला, आणि पहिल्यांदाच मनात आलं, इथं रंग का आहे?

सागवानाला रंग लावणारा म्हणजे नवरीला गोणपाट नेसवणारा, असं तुम्ही म्हणायचे. गिऱ्हाइकांशी भांडायचे त्यावरून. जन्मभर गोडं तेल चोळलंत सगळ्या दारांना. आणि आपल्या घराची चौकट तेवढी हिरवी, ऑइलपेंटची, दर दिवाळीला नवा हात. तिच्यावर एक पान नाही कोरलेलं, एक पन्हळ नाही. मला वाटायचं, सुताराच्या घरी वेळ कुठला.

मी तुमचीच पटाशी आणली, मूठ कापलेली, आणि खरवडायला बसले. पंचेचाळीस वर्षांचे थर, आबा, सालीसारखे निघाले. माझ्या कमरेच्या उंचीवर, आतल्या कोपऱ्यावर, लाकडाचा भुसा सरसाच्या खळीत मळून बुजवलेला एक तुकडा लागला. टोकानं उचकटला. खाली गाठ होती. खाली बघणारी.

बुजवलेली म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून? आई गेल्यावर शोधत बसलात आणि सापडलं, असं मी आधी धरून चालले. मग आठवलं. पहिला रंग लावत होता ती दिवाळी मला आठवते. आई चुलीपाशी पाय पसरून बसली आहे, पोट एवढं मोठं की तिला करंज्या मांडीवर घेऊन लाटता येत नाहीत, पोटावर ताट टेकवलं आहे. आणि ती हसते आहे. "सुताराच्या दाराला रंग! लोक काय म्हनतील?" तुम्ही ब्रश चालवता आहात, मान वर करत नाही.

म्हणजे ती होती. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. बाळंतपण पक्क्या घरात व्हावं म्हणून पावसाळ्याआधी घाईघाईनं घर उभं केलंत, घाईत खांब चुकला, आणि कळलं तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. घरात गर्भार बाई असताना चौकट हलवत नाहीत, हेही तुमच्या आज्याचंच. हलवावी तरी भीती, ठेवावी तरी भीती. मग तुम्ही गाठ बुजवलीत, वर रंग दिलात, आणि जाता-येता तळवा टेकवत राहिलात. मुरबाडच्या स्टँडवर तुम्ही मला रागवत नव्हता तर. मी मेलीनं चहाला नावं ठेवली.

राग येतो तुमचा. मला एक शब्द बोलला नाहीत. आईनंतर तरी चौकट बदलायची! पण मग मला कळलं असतं, आणि नऊ वर्षांची पोर त्या दारातून रोज कशी गेली असती? सापगावच्या बाईचं तोंड बघितल्यापासून मला हेही बोलवत नाही. मी स्वतःला सांगते, बाळ आडवं होतं, गाडी मिळाली नाही, खांबाचा काय संबंध. याच दारातून माझी पाठवणी झाली आणि याच दारातून मी परत राहायला आले. माझं बाळंतपण याच घरातून झालं आणि मी धडधाकट आहे. लेकीचं तर शहापूरच्या चांगल्या दवाखान्यात नाव घातलं आहे, डॉक्टरीण म्हणते बाळ सरळ आहे. सगळं खरं. आणि तरी दाराशी आले की मान त्या खांबाकडे वळत नाही.

मी तशीच उंबऱ्यात बसले होते, मांडीवर हिरव्या पापुद्र्यांचा ढीग, आणि लेकीचा फोन आला. "आई, पुढच्या रविवारची फास्ट लोकल पकडते, बसायला जागा मिळते. आणि मी त्या पुढच्या खोलीतच झोपणार हां, दारापाशी, वारा येतो." मी म्हटलं, ये. म्हटलं, जपून ये. आणखी काही म्हणाले नाही.

चौकट बदलायला मला दोन दिवस पुरतील. लाकूड आहे, हत्यारं आहेत, आता हातही आहे. रविवारच्या आत होईलही, पण लेक पोटुशी असताना, ती कल्याणला असली तरी, तिच्या माहेरच्या दाराला पहार लावायची माझी छाती नाही. परक्या बाईला तोंडावर सांगून आले, तिच्या देव्हाऱ्याचं लाकूड घेऊन आले, आणि माझ्या स्वतःच्या दाराशी तुमच्यासारखीच निघाले.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून गलत्याच्या रंध्याखाली पेटीत ठेवते आहे. तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. त्याच दुपारी मी सरस कढवला, भुसा मळला, गाठ परत बुजवली आणि नवरा यायच्या आत वर दोन हात दिले. तुमचा तो हिरवा आता मिळत नाही. हा जरा गडद आहे, पण गाठ दिसत नाही.